कुत्र्याला पोळा नाही

श्रावणातील अमावास्येला सातपुड्याच्या दक्षिण उतारावरील पांढुर्णा आणि सौंसर या तालुक्यांत बैलांचा पोळा भरतो. आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळद चोळून शेकले जातात. पोळ्याच्या दिवशी सकाळी त्यांना नदीवर अथवा नाल्यावर नेऊन आंघोळ घालतात. अंग चोळता चोळता धन्याची बोटे बैलाच्या कानामागून, मानेच्या पोळीखालून आणि शेपटीच्या मुळापाशी फिरतात व तेथे हाताला लागलेला गोचीड ओढून काढला जातो. दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीच्या पात्रात गोटमार होते व तिची बातमी देशभर जाते. आदल्या सकाळच्या या शांत कामाची बातमी कोठेच होत नाही. वर्षभर राबणाऱ्या मुक्या जनावराचे अंग माणसाने आपल्या हाताने निरखून पाहावे, हा पोळ्याचा खरा अर्थ आहे.

बैलामागे नदीपर्यंत चालत आलेला कुत्रा मात्र या सोहळ्यात काठावरच बसलेला असतो. त्याच्याही कानांत गोचीड असतात. पायांच्या बोटांच्या बेचक्यांत, गळ्याखाली, डोळ्यांच्या कडेला ते वाटाण्यासारखे फुगलेले दिसतात. कुत्रा मागच्या पायाने कान खाजवितो, दातांनी पंजा कुरतडतो आणि पुन्हा गुरांमागे चालू लागतो. त्याच्या अंगावरून हात फिरविण्यासाठी पंचांगात दिवस नेमलेला नाही.

हा प्रदेश गुरांचा आहे. चपळ चालीबद्दल प्रसिद्ध असलेली पांढरी गौळाऊ जात वर्धा, नागपूर आणि छिंदवाडा या पट्ट्यातली. मराठ्यांच्या फौजांनी डोंगराळ मुलखात जलद वाहतुकीसाठी हेच बैल वापरले असे सांगतात. गावोगावी सकाळी गुरे आखरावर जमतात आणि तेथून गायकी त्यांना रानाकडे घेऊन जातो. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर व वर्धा हे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा, त्यातील मराठी बोलणाऱ्या या दोन तालुक्यांसह, मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली हेच दोन तालुके छिंदवाड्यापासून वेगळे होऊन पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. कागदावरच्या रेषा अशा वारंवार हलल्या. आखरावरून रानाकडे जाणारी वाट होती तेथेच राहिली आणि त्या वाटेवर गुरांमागे चालणारा गावठी कुत्राही तोच राहिला.

हा कुत्रा नेमका कोणाचा, असे विचारले तर सरळ उत्तर मिळत नाही. तो गायक्याबरोबर जातो, पण गायक्याने तो विकत घेतलेला नसतो. रात्री तो कोणाच्या तरी गोठ्याच्या दारात झोपतो, पण त्या घरचा म्हणून त्याची नोंद नसते. पुष्कळदा राखणीचा कुत्रा आणि भटका कुत्रा हे एकाच प्राण्याच्या दिवसाचे दोन भाग असतात. दिवसा तो कामाचा असतो आणि रात्री बेवारशी. त्याच्या अंगावरच्या गोचिडांचा इतिहास पाहू लागले, म्हणजे या बेवारशीपणाची किंमत कोणाकोणाला द्यावी लागली हे ध्यानात येते.

गोचीड माणसाला फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. होमरच्या ओडिसी या महाकाव्यात वीस वर्षांनी घरी परतलेल्या ओडिसियसला दारापाशी, शेणाच्या ढिगावर, त्याचा म्हातारा कुत्रा आर्गोस पडलेला दिसतो आणि त्याचे अंग रक्तपिपासू कीटकांनी भरलेले असते. धनी दूर गेला, घरात कोणी काळजी घेणारे उरले नाही, हे सांगायला कवीला एवढेच वर्णन पुरेसे वाटले. ॲरिस्टॉटलने प्राण्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात गोचिडाची नोंद केली. परंतु तो गवतापासून उत्पन्न होतो असे त्याचे मत होते. रोमन लेखक प्लिनी याने लिहून ठेवले की या प्राण्याचे डोके सदैव रक्तात रुतलेले असते आणि खाल्लेले बाहेर टाकायला त्याला वाटच नसते. निरीक्षण अर्धे बरोबर आणि अर्धे चूक होते. मराठीत ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात हाच प्राणी दृष्टांतासाठी घेतला आहे. त्वचेच्या एका पडद्याआड गोड दूध असताना गोचीड ते टाकून रक्तच घेतो, असे ते सांगतात. सातशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या या दृष्टांतामागे गोठ्यात बसून पाहिलेली वस्तुस्थिती आहे. गोचिडाचे अन्न रक्त आणि केवळ रक्त, हे आजचे शास्त्रही सांगते.

जुन्या काळच्या या सर्व नोंदींत एक गोष्ट समान आहे. गोचीड हा किळसवाणा, त्रासदायक, रक्त पिणारा जीव म्हणून सर्वांनी ओळखला. पण तो रोग आणतो, हे कोणी लिहिले नाही. घाणीचे लक्षण म्हणून त्याच्याकडे पाहिले गेले. ही समजूत बदलायला एकोणिसावे शतक संपत यावे लागले आणि ती बदलण्यात गुराख्यांचा वाटा मोठा होता.

अमेरिकेत टेक्सासमधून गुरांचे कळप उत्तरेकडे हाकीत नेले जात. टेक्सासची गुरे धडधाकट असत. पण ती ज्या कुरणातून गेली, तेथे मागाहून चरणारी उत्तरेकडील गुरे ताप येऊन, लाल लघवी करीत मरत. १८६८ साली अशी मोठी साथ आली. गुराखी म्हणत, हे गोचिडांचे काम आहे. त्या साथीची चौकशी करणारे विद्वान पशुवैद्य जॉन गॅमजी यांना ही कल्पना हास्यास्पद वाटली. पुढे वीस वर्षांनी थिओबाल्ड स्मिथ आणि एफ. एल. किलबोर्न यांनी वॉशिंग्टनजवळच्या प्रयोगक्षेत्रात गुराख्यांचे म्हणणे तपासून पाहिले. त्यांनी दक्षिणेकडील गुरांच्या अंगावरचे गोचीड एकेक करून हाताने वेचून काढले आणि मग ती गुरे उत्तरेकडील गुरांबरोबर एका कुरणात ठेवली. कोणीही आजारी पडले नाही. दुसऱ्या कुरणात दक्षिणेचे एकही जनावर न ठेवता केवळ गोचीड विखुरले. तेथील गुरांना रोग झाला. १८९३ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. सांध्यांचे पाय असलेला क्षुद्र जीव सस्तन प्राण्यांत रोगजंतू पसरवितो, याचा हा पहिला स्वच्छ पुरावा होता. डासामुळे हिवताप होतो हे रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत दाखविले ते त्यानंतर, १८९७ साली.

या शोधातील एक बारकावा पुढे फार उपयोगी पडला. गुरांवरचा गोचीड आपले सारे आयुष्य एकाच जनावरावर काढतो. रक्त पिऊन फुगलेली मादी जमिनीवर पडते, अंडी घालते आणि मरते. मग ती रोग दुसऱ्या गुराला देते कशी? उत्तर असे निघाले की रोगाचे जंतू मादीच्या अंड्यांत उतरतात आणि तिची पिल्ले जन्मतःच ते घेऊन येतात. ज्या कुरणातून रोगट कळप निघून गेला, ते कुरण काही आठवड्यांनी घातक का ठरते, हे कोडे अशा रीतीने सुटले.

कुत्र्याचा गोचीड मात्र निराळ्या स्वभावाचा आहे आणि तो निराळेपणा समजून घेतल्याखेरीज पांढुर्ण्याच्या आखरावरचा कुत्रा समजणार नाही. कुत्र्यावर सर्वत्र आढळणारा तपकिरी गोचीड हा आयुष्यात तीन वेळा यजमान बदलतो. अंड्यातून निघालेले सहा पायांचे पिल्लू कुत्र्यावर चढते, काही दिवस रक्त पिते आणि खाली पडते. भिंतीच्या भेगेत शिरून ते कात टाकते आणि आठ पायांचे होते. पुन्हा कुत्र्यावर चढते, पुन्हा पडते, पुन्हा कात टाकते. तिसऱ्या वेळी पूर्ण वाढलेला नर वा मादी कुत्र्यावर येते. फुगलेली मादी शेवटी खाली उतरून एखाद्या फटीत दोन-तीन हजार, क्वचित त्याहून अधिक अंडी घालते. म्हणजे कुत्र्याच्या अंगावर तो मोजके दिवस राहतो. बाकीचे आयुष्य तो भिंतीत, दाराच्या चौकटीमागे, रचलेल्या दगडांत आणि गोठ्याच्या कुडात घालवितो. रक्त न मिळाले तरी पूर्ण वाढलेला गोचीड अनेक महिने, प्रसंगी वर्षाहूनही अधिक काळ, वाट पाहत राहू शकतो. हवा उबदार असली की अंड्यापासून अंड्यापर्यंतचे चक्र दोन-अडीच महिन्यांत पुरे होते. कुत्र्यावर दिसणारे गोचीड हे अशा रीतीने एकूण संख्येचा थोडका भाग असतात.

टेक्सासच्या शोधानंतर शास्त्रज्ञांचे लक्ष कुत्र्याकडेही वळले. १८९५ साली इटलीत पियाना आणि गॅली-व्हॅलेरिओ यांना एका आजारी शिकारी कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींत पेरूच्या फळासारख्या आकाराचे सूक्ष्म जीव दिसले. रुमेनियाच्या व्हिक्टर बाबेश यांनी १८८८ साली गुरांच्या रक्तात असेच जीव पाहिले होते, म्हणून या जातीला पुढे बबेसिया हे नाव मिळाले. १९०१ साली दक्षिण आफ्रिकेतील केप वसाहतीचे कीटकतज्ज्ञ चार्ल्स लाउन्सबरी यांनी दाखवून दिले की तेथील कुत्र्यांची जीवघेणी कावीळ गोचिडांमुळेच पसरते.

त्यानंतरची काही महत्त्वाची पाने हिंदुस्थानातच लिहिली गेली. १९०५ साली एस. पी. जेम्स यांनी कुत्र्याच्या रक्तातील पांढऱ्या पेशींत राहणाऱ्या एका परजीवीचे वर्णन केले. एस. आर. क्रिस्टोफर्स यांनी मद्रासेत गोचिडांचे विच्छेदन करून त्यांच्या शरीराची रचना तपशिलाने मांडली आणि १९०७ साली या परजीवीचा, तसाच कुत्र्यांच्या बबेसियाचा, गोचिडाच्या पोटातील प्रवास वर्णन केला. पांढऱ्या पेशीतील हा परजीवी गोचिडाच्या चावण्याने कुत्र्यात जात नाही. कुत्र्याने गोचीड गिळला म्हणजे तो शिरतो, असे पुढे स्पष्ट झाले. आखरावर बसून दातांनी पंजा कुरतडणारा कुत्रा खाज शमविता शमविता रोग गिळीत असतो, असा याचा अर्थ. १९१० साली डब्ल्यू. एस. पॅटन यांनी मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात बबेसियाची आणखी एक लहान जात शोधली आणि नंतर तीच त्यांना कोल्ह्याच्या रक्तातही आढळली. शिकारी कुत्रे ज्याच्या मागे धावत, त्या रानातील जनावराच्या अंगी हा जंतू आधीपासून होता. गाव आणि रान यांच्या शिवेवर फिरणाऱ्या कुत्र्याला दोन्हीकडचे रोग भेटतात, हे त्यावरून दिसून आले.

या काळात देशात पशुवैद्यकाचे शिक्षणही आकार घेत होते. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचे. गुरांच्या रोगांच्या अभ्यासासाठी १८८९ साली पुण्यात शाही जीवाणू प्रयोगशाळा निघाली आणि १८९३ साली ती हिमालयात मुक्तेश्वरला हलविण्यात आली. जबलपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९४८ साली आणि नागपूरचे १९५८ साली सुरू झाले. या सर्व संस्थांचे पहिले लक्ष साहजिकच बैल, गाय, म्हैस आणि घोडा यांच्याकडे होते, कारण शेती आणि फौज यांचे काम त्यांच्यावर चाले. कुत्र्याच्या रक्ताविषयीचे ज्ञान ग्रंथांत जमा झाले. गोठ्याच्या दारातील कुत्र्यापर्यंत ते पोहोचायला पुष्कळ काळ लागला.

दरम्यान आणखी एक रोग उजेडात आला. १९३५ साली अल्जीरियातील पाश्चर संस्थेत डोनाशियाँ आणि लेस्तोकार या दोघा शास्त्रज्ञांना प्रयोगशाळेतील काही कुत्रे ताप आणि अशक्तपणा येऊन खंगताना दिसले. त्यांच्या अंगावर तपकिरी गोचीड होते आणि रक्तातील पांढऱ्या पेशींत अत्यंत सूक्ष्म जंतूंचे पुंजके होते. हाच आज एर्लिकिया या नावाने ओळखला जाणारा जंतू. त्याचे खरे स्वरूप जगाला कळले ते मात्र युद्धामुळे. १९६० नंतरच्या दशकात सिंगापूरमधील ब्रिटिश लष्कराचे आणि व्हिएतनाममधील अमेरिकी लष्कराचे कुत्रे, विशेषतः जर्मन शेफर्ड, मोठ्या संख्येने आजारी पडले. नाकातून रक्त वाहू लागे, हिरड्या पांढऱ्या पडत, वजन झपाट्याने घटे आणि कुत्रा मरे. रक्त गोठविणाऱ्या बिंबिका व इतर पेशी या रोगात कमी होत जातात, म्हणून नाकातून येणारे रक्त थांबत नाही.

या अनुभवातून एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. ज्या प्रदेशात रोग पिढ्यान्‌पिढ्या आहे, तेथील गावठी कुत्रे पुष्कळदा रोगाचे जंतू अंगी बाळगूनही चालते-फिरते राहतात. बाहेरून आणलेले जातिवंत कुत्रे मात्र लवकर बळी पडतात. आज छोट्या शहरांतून हौसेने जर्मन शेफर्ड अथवा लॅब्रेडोर पाळले जातात. अंगणात बांधलेला तो महागडा कुत्रा एके दिवशी अन्न सोडतो, त्याच्या नाकातून रक्त येते आणि घरची मंडळी गोंधळून जातात. ज्याला त्यांनी कधी फाटकाच्या आत येऊ दिले नाही, त्या रस्त्यावरच्या कुत्र्याच्या अंगावरून उतरलेला गोचीड मात्र भिंतीच्या भेगेतून केव्हाच आत आलेला असतो. गावठी कुत्राही पूर्णपणे सुटतो असे नाही. तो उपाशी असला, म्हातारा झाला किंवा कुत्री व्यालेली असली, म्हणजे दबलेला रोग उसळतो. लहान पिल्लांच्या अंगावर शेकडो गोचीड चढले, तर केवळ रक्त कमी होऊनच ती दगावतात.

माणसाचा संबंधही यात येतो. १९१० साली ट्युनिसमध्ये कोनोर आणि ब्रुश यांनी अंगावर पुरळ उठणाऱ्या एका तापाचे वर्णन केले. तो तपकिरी गोचिडामुळे होतो हे १९३० साली त्याच शहरात सिद्ध झाले. भारतात आढळणारा गोचीडजन्य टायफस हा त्याच कुळातील. ताप, पुरळ आणि कधी कधी चावल्या जागी काळी खपली अशी त्याची लक्षणे असतात. वेळीच ओळखला तर तो साध्या प्रतिजैविक औषधाने बरा होतो. तपकिरी गोचीड कुत्र्याला सोडून माणसाकडे सहसा वळत नाही. पण उन्हाळा कडक असला आणि कुत्रा जवळ नसला, म्हणजे तो माणसालाही चावतो. रानातील गोचिडांचे सामर्थ्य याहून मोठे आहे. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात माकडे मरू लागली, त्यांच्या पाठोपाठ माणसे आजारी पडली आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने गोचिडांतून येणारा क्यासनूर जंगलाचा ताप शोधून काढला. पुढे गोव्यात सत्तरीत आणि सिंधुदुर्गात दोडामार्गकडे त्याचे रुग्ण सापडले. तो रोग आणि ते गोचीड वेगळे, सातपुड्याच्या या भागाशी त्यांचा संबंध नाही. परंतु किरकोळ वाटणाऱ्या या जीवाला हसण्यावारी नेऊ नये, एवढे त्यातून शिकण्यासारखे आहे.

गोचिडावरच्या उपायांचाही एक इतिहास आहे आणि तो पुष्कळसा चुकांचा आहे. अमेरिकेने १९०६ साली गुरांच्या गोचिडांविरुद्ध मोहीम उघडली. सोमलाच्या पाण्याच्या हौदातून लाखो जनावरे बुडवून काढली आणि १९४३ पर्यंत, मेक्सिकोच्या सीमेवरील एक पट्टा सोडून, देश त्या रोगापासून मुक्त केला. सोमल हे जालीम विष; गोचिडाबरोबर जनावरालाही ते अपाय करी. दुसऱ्या महायुद्धानंतर डी.डी.टी. आणि बी.एच.सी. आली. बी.एच.सी.ची, म्हणजे घरोघरी माहीत असलेल्या गॅमेक्सिनची, पूड गोठ्यात आणि कुत्र्यांच्या अंगावर मुक्तहस्ताने टाकली गेली. थोड्याच वर्षांत गोचिडांना ती पचू लागली आणि विष मात्र दुधात व मातीत उरले. भारतात १९९७ साली बी.एच.सी.वर बंदी आली. १९८१ साली आयव्हरमेक्टिन हे जपानच्या मातीतील जंतूपासून काढलेले औषध जनावरांसाठी बाजारात आले. त्याच्या शोधाबद्दल सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्बेल यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तेही सर्व कुत्र्यांना मानवत नाही. मेंढ्या राखणाऱ्या कोली जातीच्या अनेक कुत्र्यांत मेंदूचे रक्षण करणारी एक व्यवस्था जन्मतः दुबळी असते आणि मोठ्या मात्रेत हे औषध दिले तर ते मरतात. या दोषामागचे जनुक २००१ साली सापडले. गेल्या दहा-बारा वर्षांत खाण्याच्या गोळीतून देण्याची नवी औषधे आली आहेत. कुत्र्याचे रक्त पिताच गोचीड मरतो आणि एका गोळीचा परिणाम काही आठवडे टिकतो.

गावात मात्र जुने उपाय अजून चालतात. कडुनिंबाचा पाला व करंजाचे तेल हे त्यांतील सौम्य प्रकार आहेत. रॉकेल चोळणे, तंबाखूचे पाणी ओतणे किंवा गोचिडाला पेटती काडी लावणे हे प्रकार कुत्र्याला जाळतात, त्याची त्वचा सोलतात. तंबाखूचे विष तर त्याच्या जिवावरही बेतू शकते. मुले गंमत म्हणून गोचीड नखांवर चिरडतात. त्यातून निघणारे रक्त बोटाच्या जखमेत जाऊ शकते. चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ वर ओढणे, काढलेला गोचीड साबणाच्या पाण्यात अथवा स्पिरिटात टाकणे आणि हात धुणे, एवढी साधी रीत पुरते. पण हे अर्धेच काम झाले. ज्या भिंतीच्या भेगेतून गोचीड आला ती भेग लिंपली नाही, दारातला दगडांचा ढीग हलविला नाही, कुत्र्याच्या झोपण्याची जागा झाडून पोतेरे उन्हात टाकले नाही, तर पंधरा दिवसांनी तीच संख्या पुन्हा अंगावर दिसते.

इतिहासात मात्र भिंतीऐवजी कुत्र्यालाच दोषी ठरविण्याची रीत फार जुनी आहे. मुंबईत सरकारने भटक्या कुत्र्यांना मारण्याचा हुकूम काढला होता. त्याविरुद्ध १८३२ साली जून महिन्यात पारशी समाज रस्त्यावर आला आणि शहरात दंगल उसळली. पुढेही शतकाहून अधिक काळ अनेक नगरपालिका विष घालून अथवा पकडून कुत्रे मारीत राहिल्या. त्यांच्यापुढे मुख्य भीती पिसाळण्याच्या रोगाची होती आणि ती भीती खोटी नव्हती. तथापि कुत्रे मारून गोचीड संपले नाहीत. मेलेल्या कुत्र्याची झोपण्याची जागा तशीच राहिली, भेगांत लपलेले गोचीड वाट पाहत राहिले आणि त्या जागी आलेल्या नव्या कुत्र्याला ते लागले. १९६० साली प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. २००१ साली त्याखाली आलेल्या नियमांनी भटक्या कुत्र्यांना मारण्याऐवजी निर्बीजीकरण आणि लस हा मार्ग ठरविला आणि २०२३ साली ते नियम नव्याने आले. या नियमांचा भर संख्या आणि पिसाळणे यांवर आहे. लस टोचण्यासाठी कुत्रा हातात आलेलाच असतो. त्याच वेळी त्याचे कान पाहिले, गोचिडाचे औषध दिले, तर एका फेरीत दोन कामे होतात.

यासाठी लागणारी समजूत या भागात नव्याने आणावी लागेल असे नाही. जो गायकी गुराच्या चालीवरून त्याचे दुखणे ओळखतो, त्याला कुत्र्याची हिरडी उचलून ती गुलाबी आहे की पांढरी हे पाहायला शिकविणे कठीण नाही. ज्या गावात पोळ्याला प्रत्येक बैलाच्या अंगावरून हात फिरतो, तेथे त्याच आठवड्यात आखरावरच्या चार कुत्र्यांसाठी ग्रामपंचायतीने औषध आणावे, हे काही फार मोठे मागणे नाही. पावसाळ्यातील ऊब आणि ओल गोचिडांना मानवते, तेव्हा दिवसही योग्य आहेत. शाळेतील मुलांना भिंतीची भेग, अंडी आणि पिल्ले यांचे चक्र एकदा दाखविले, तर ती घरी जाऊन आपापला गोठा निरखून पाहतील.

धर्मग्रंथांनी कुत्र्याला कधी हाकलले, कधी जवळ केले. महाभारतात धर्मराजाने स्वर्गाच्या दारापर्यंत आपल्यामागे आलेल्या कुत्र्याला सोडून आत जाण्याचे नाकारले. बायबलमधील तोबितच्या पुस्तकात तरुण तोबिया दूरच्या प्रवासाला निघतो, तेव्हा देवदूताबरोबर त्याचा कुत्राही वाटेला लागतो. दोन्ही कथांत कुत्र्याला नाव नाही आणि तो कोणाचा हेही फारसे सांगितलेले नाही. तो बरोबर चालला, एवढीच त्याची ओळख आहे. पांढुर्णा आणि सौंसरच्या वाटांवर गुरांमागे चालणाऱ्या कुत्र्याचीही ओळख तीच आहे. तेव्हा पुढच्या पोळ्याला बैल धुऊन झाला म्हणजे धन्याने हात पुसण्यापूर्वी काठावर बसलेल्या त्या कुत्र्याला जवळ बोलवावे आणि त्याचाही कान एकदा उलटून पाहावा.